टनामागे अर्धा किलो

तांब्याच्या कारखान्यात काम करतो असं सांगितलं की लोक आधी आपल्या खिशांकडे बघतात, मग तोंडाकडे. थट्टेनेच बघतात, पण बघतात. सिल्वाशाजवळ खडोलीला आमचा कारखाना आहे. पंखे, पंप, मोटारी यांच्या आत जी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती आम्ही बनवतो. तांब्याची किंमत सगळ्यांना माहीत असल्यामुळे गेटवर झडतीची पद्धत फार कडक आहे. पाळी सुटली की कामगारांची रांग लागते. बूट काढायचे, पट्टा काढायचा, डब्याचं झाकण उघडून धरायचं. डब्यात भाजी उरलेली असेल तर गार्ड चमच्याने ढवळून बघतो. म्हणून गेटच्या अलीकडच्या नळावर सगळे डबे धुऊन घेतात आणि ओला, रिकामा डबा पुढे करतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, मशीन नंतर.

मी स्टाफमधला. डिस्पॅचचं काम माझ्याकडे, त्यामुळे माझं जाणं-येणं ऑफिसच्या दारातून. त्या दाराला झडती नाही, गार्ड उलट सलाम करतो. शहाद्याकडून इथे आलो तेव्हा मीही कामगारांच्याच रांगेत होतो. ऑफिसचं दार मिळायला बरीच वर्षं गेली. कोणी मला गर्विष्ठ म्हणालं तरी चालेल, पण त्या दारातून कोरड्या, न धुतलेल्या डब्यासह बाहेर पडताना मला रोज बरं वाटायचं.

आता माझं काम नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. तार रिळांवर गुंडाळून झाली की वाइंडिंगच्या शेडमध्ये तिचं वजन होतं. मग ती रिळं ट्रॉलीवरून अंगण ओलांडून माझ्या गोदामात येतात. ट्रकमध्ये चढवण्याआधी तिथल्या काट्यावर मी पुन्हा वजन करतो. एकाच मालाचं दोन जागी वजन, मध्ये फक्त अंगण, आणि त्या अंगणात मी आणि ट्रॉली ढकलणारा माझा सोबती. तो नंदुरबारकडचा, मला भाऊ म्हणतो. दोन्ही वजनं जुळायची. कधी थोडं इकडे-तिकडे झालं तर कोणी त्याचा बाऊ करत नसे.

मग गोदामातला काटा मोडला. त्याच सुमारास मालकांनी हिमाचलातला, डोंगराळ भागातला आपला दुसरा कारखाना बंद केला होता. तिथली यंत्रं ट्रेलरवर घालून इकडे आणली, त्यांत एक इलेक्ट्रॉनिक काटा होता. जवळपास नवा, लखलखीत. त्याच्या अंगावर तिथल्या तपासणीचा शिक्का होता आणि शिक्क्याची मुदत अजून शिल्लक होती. आमच्याकडे शिक्का जिवंत असला की यंत्र जिवंत, अशी समजूत आहे. काट्याचे पाय समपातळीत लावले, वीज दिली, पडद्यावर शून्य आलं. शून्य आलं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. रिकाम्या काट्याने शून्य दाखवण्यात काय मोठेपणा आहे, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या आठवड्यातच माल कमी भरायला लागला. वाइंडिंगमध्ये जे वजन व्हायचं, त्यापेक्षा माझ्याकडे टनामागे किलोभर कमी. एखाद्या दिवशी नाही, रोज. एक किलो तांबं म्हणजे मुठीत मावेल एवढा गोळा, पण रोज जेवढे टन निघतात तेवढे गोळे धरले तर महिन्याला पोतं भरतं. मी काटा पुसला, हलवला, पुन्हा लावला. तीच रिळं पुन्हा ठेवली. आकडा तोच.

मॅनेजर गुजराती आहे, बोलायला गोड. त्याने मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"देखो भाई, मैं आप पर शक नहीं करता," तो म्हणाला. "इतने साल का भरोसा है. पण माल तो ओछा पडता है ने. शेड में बराबर, आपके पास ओछा. बीच में कौन है?"

मी म्हटलं, बीच में अंगण आहे. विनोद म्हणून म्हटलं होतं. तो हसला नाही. पाण्याच्या टाकीमागे अंगणाचा एक कोपरा आहे, तिथे कॅमेरा पोचत नाही, हे त्याने मला समजावून सांगितलं. आणि जाता जाता म्हणाला की हा गोंधळ मिटेपर्यंत मी कामगारांच्या मोठ्या गेटने जावं, दुसऱ्या लोकांनाही बरं दिसेल.

त्या संध्याकाळी मी नळावर डबा धुतला. रांगेत उभा राहिलो. पुढच्या-मागच्यांनी मला वाट करून द्यायचा प्रयत्न केला, त्याचा मला जास्त राग आला. रोज सलाम करणारा गार्ड बिहारचा, वयाने माझ्याहून लहान. त्याने माझ्या पोटऱ्यांवरून धातू हुडकणारं यंत्र फिरवलं आणि खाली बघत म्हणाला, "सर, ऊपर से ऑर्डर है." मी बूट हातात घेऊन मोजे घातलेल्या पायांनी सिमेंटवरून चालत बाहेर आलो. घरी येईपर्यंत स्कूटरवर मला स्वतःशीच बोलायची सवय लागली ती त्याच दिवसापासून.

माझ्या सोबत्याचीही चौकशी झाली होती. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला नाही. मी त्याला शोधून काढलं तर तो ट्रॉलीची चाकं बघत बसला होता. "भाऊ, मले त्याहीनं तुमच्याबद्दल इचारलं," तो म्हणाला. "मी सांगलं, मले काई माहीत नाई. खरंच माहीत नाई ना, भाऊ." त्यात चुकीचं काही नव्हतं. पण त्याने 'भाऊ असं करणार नाहीत' असं म्हणायला काय हरकत होती, हे मला दिवसभर टोचत राहिलं. मग वाटलं, तो तरी कशाच्या जोरावर म्हणेल? त्याची बायको-पोरं किलवणीला भाड्याच्या खोलीत आहेत.

बायकोला मी लगेच सांगितलं नाही. ती राजापूरकडची, सिल्वाशात मराठी शाळेत विज्ञान शिकवते. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितली की सगळं कळेल. तिला खोटं बोलता येत नाही, आणि येत नाही याचा तिला अभिमानही नाही. ती तशीच आहे. शेजारणीने नवी साडी दाखवली की ही म्हणते, रंग तुम्हाला शोभत नाही. तिच्यामुळे आमचे दोन शेजारी कमी झालेत.

पण धुतलेला डबा घरी यायला लागल्यावर तिला चार-पाच दिवसांतच संशय आला. पहिल्यांदा तिला वाटलं मी डबा खातच नाही, कुत्र्याला घालतो. मग मला सांगावंच लागलं. ती ओट्याशी उभी होती, ऐकता ऐकता तिने गॅस बंद केला. सगळं सांगून झालं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मॅनेजरला शिव्या देईल. ती म्हणाली, "हा काटा आला कुठून म्हणालात?"

"हिमाचलातून."

"आणि इथे आणल्यावर वजनं ठेवून तपासलाच नाही?"

"शिक्का आहे त्याच्यावर."

"शिक्का तिथला आहे हो. ओढ इथली आहे."

ती ओल्या हातानेच समजावून सांगायला लागली. जुन्या दुकानातला तराजू असतो ना, ती म्हणाली, एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजन. पृथ्वी दोन्ही पारडी सारखीच ओढते, त्यामुळे तो तराजू कुठेही न्या, उत्तर तेच येतं. तुमचा काटा तसा नाही. त्याच्यावर माल किती दाबतोय, एवढंच त्याला कळतं. आणि मालाचं दाबणं पृथ्वीच्या ओढीवर आहे, ती ओढ सगळीकडे सारखी नसते.

"शाळेत तर एकच आकडा शिकलो होतो," मी म्हटलं.

"मीही एकच शिकवते. परीक्षेपुरता."

पृथ्वी फिरते, ती सांगत होती, आणि विषुववृत्तावरचा भाग सगळ्यात जोरात फिरतो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात बाहेरच्या कडेला बसलं की अंग बाहेर फेकल्यासारखं होतं, तसं तिथल्या प्रत्येक वस्तूचं किंचित होतं. शिवाय पृथ्वी मध्ये फुगीर आहे, म्हणून तिथली माणसं तिच्या केंद्रापासून जरा लांब पडतात. ध्रुवाकडे जावं तशी दोन्ही कारणांनी ओढ वाढत जाते. हिमाचल आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला. तिथे काटा लावताना तांबं जरा जास्त दाबत होतं. तेवढ्या दाबालाच किलो म्हणायचं, असं त्या काट्याला तिथे शिकवलं. इथे तेवढंच तांबं जरा कमी दाबतं, आणि काटा म्हणतो, माल कमी आहे.

मी खुर्चीत बसलो. माझ्या अंगातून कोणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं हलकं वाटलं. तांबं कुठेही गेलं नव्हतं. चोर कोणी नव्हताच. तिने वही ओढून अक्षांश मांडले, आणि जेवणं व्हायच्या आत आकडा काढला. टनामागे पाऊण किलो.

"बघ," मी म्हणालो. "किलोभर नाही, पण पाऊण तर आलाच. बाकी कुठे थोडं इकडे-तिकडे होतंच. उद्याच सांगतो मॅनेजरला."

"थांबा," ती म्हणाली. "उंची धरायची राहिली."

मला ते 'थांबा' अजून ऐकू येतं. तो कारखाना डोंगरावर होता आणि आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीला. उंचावर गेलं की केंद्रापासून अंतर वाढतं, ओढ कमी होते. म्हणजे तिने हिमाचलची ओढ धरली होती त्यापेक्षा ती कमी होती. दोन ठिकाणांतला फरक घटला. पाऊण किलो खाली उतरला. फार नाही, पण उतरला.

मला तेव्हा हसूच आलं. म्हटलं, ठीक आहे, डोंगराचा मान राखायला पाहिजे.

पण तिचं डोकं एकदा चालू झालं की थांबत नाही. पुढचे काही दिवस ती शाळेतून आली की, आणि रात्री अंथरुणावरही, मोबाइलवर वाचत बसायची आणि मी तिच्याभोवती घुटमळायचो. एकदा मीच आशेने विचारलं, "एवढे मोठमोठे डोंगर आहेत तिकडे. त्यांचीही ओढ असेल ना? त्याने तिकडची ओढ वाढायला पाहिजे." मला वाटलं मी मोठी कामाची गोष्ट शोधून काढली. ती म्हणाली, वाढते, पण दिसते तेवढी नाही. डोंगर जेवढे वर असतात त्याहून खोल त्यांची मुळं खाली गेलेली असतात, आणि ती मुळं हलक्या खडकाची असतात. जिथे जड खडक असायला हवा तिथे हलका, म्हणून तिथली ओढ हिशेबापेक्षा कमीच भरते. आणि आपल्याकडे उलट. आपण लाव्हाच्या काळ्या पाषाणावर बसलोय, तो जड. आपल्या पायाखाली ओढ थोडी जास्त.

"म्हणजे फरक आणखी कमी," मी म्हणालो.

"आणखी कमी. अर्धा किलो म्हणा. त्याच्या आसपास."

"तू नवऱ्याच्या बाजूची आहेस की डोंगराच्या?"

ती हसली नाही. मीही थट्टा म्हणून बोललो नव्हतो. इथला काळा दगड मी रोज बघतो. दमणगंगेच्या पात्रात तोच, खाणींतून डंपर भरून जातो तो तोच, आमच्या कारखान्याचा पाया तोच. तो माझ्या विरुद्ध साक्ष देईल असं कधी वाटलं नव्हतं. ती जितकं जास्त वाचत होती तितका माझा निर्दोषपणा कमी होत होता, आणि हे घडत होतं माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर.

मी तिला सरळ म्हणालो की बाकीचं राहू दे, तू फक्त पहिला आकडा कागदावर लिहून दे. अक्षांशाचा. तो खोटा थोडाच आहे? ती म्हणाली, अर्धवट आहे. मी म्हणालो, मॅनेजरला काय कळतंय. ती म्हणाली, त्याला नाही कळलं तरी मला कळतंय ना. आणि मग भांडी आवरता आवरता, माझ्याकडे पाठ करून, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "पण मग उरलेला अर्धा किलो कुठे जातो हो?"

मी टेबलापासून उठलो. ती मागे आली नाही. आमच्या गॅलरीतून गलोंड्याकडे जाणारा रस्ता दिसतो, पाळीच्या बसेस जात होत्या, मी त्या बघत उभा राहिलो. तिने विज्ञानाचा प्रश्न विचारला, असं मी स्वतःला समजावलं. उरलेल्याचं कारण शोधायला नको का? मीसुद्धा तेच शोधत होतो. पण तोच प्रश्न मॅनेजरने चहा पाजून विचारला होता, फक्त त्याने तो पूर्ण एका किलोचा विचारला होता.

मॅनेजरला मी अर्धा किलो सांगितला. तो मोठ्याने हसला. "भाई, अब पृथ्वी चोरी करती है?" त्याने ते शेजारच्या केबिनमध्येही सांगितलं, कारण दुपारपर्यंत अकाउंटवाली मुलं माझ्याकडे बघून हसत होती. संध्याकाळी मी पुन्हा रांगेत. त्या दिवशी गार्डने डब्याच्या झाकणाची रबराची कड काढून बघितली. मी घरी येऊन बायकोला म्हणालो की मी राजीनामा देतो. ती म्हणाली, आता दिलात तर चोरी केली असाच अर्थ होईल. तेही खरंच होतं. खऱ्या बोलण्याचा मला त्या दिवसांत अगदी वीट आला होता.

मग तीच म्हणाली, मी येते.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी ती आली. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, शाळेत तपासणीला अधिकारी येणार असले की ती जशी जाते तशी. मॅनेजर शिक्षकांपुढे जरा नमून वागतो. त्याने खुर्ची दिली, मॅडम म्हणाला. तिने सगळं सांगितलं, पृथ्वीचं फिरणं, फुगवटा, उंची, डोंगरांची मुळं, काळा पाषाण. आणि शेवटी, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "इससे आधा किलो का हिसाब लगता है. बाकी आधे का मुझे मालूम नहीं."

मी खिडकीबाहेर बघत होतो. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं आता तो उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवणार. पण त्याचं डोकं वेगळीकडेच गेलं होतं.

"एक मिनिट, मॅडम. काटा कम दिखाता है, मतलब असल में माल ज्यादा है?"

"हो."

"तो पार्टी को हम ज्यादा तांबा दे रहे हैं? मफत में?"

"त्या काट्यावर मोजून देत असाल तर हो."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस मी चोर आहे की नाही याची जी चौकशी सावकाश, चहा पीत चालली होती, ती एका क्षणात संपली. त्याने तिच्यासमोरच वापीला फोन लावला. काटे तपासणारा माणूस आजच्या आज पाहिजे, वजनं घेऊन. माझ्या अब्रूसाठी नव्हे, गिऱ्हाइकाकडे फुकट चाललेल्या तांब्यासाठी. मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. कशासाठी का होईना, कोणीतरी येतंय, एवढंच डोक्यात होतं. "आणि दोन्ही काटे तपासा," बायको म्हणाली. "एकच नको. तीच वजनं दोन्हीवर ठेवा." मॅनेजर म्हणाला, हां हां, दोनों.

ती घरी गेली नाही, थांबली. दुपारी तपासणारा टेम्पोतून लोखंडाची वजनं घेऊन आला. कामगारांनी ती एकेक करून माझ्या काट्यावर रचली, अर्धा टन होईपर्यंत. जेवणाची सुट्टी असूनही लोक हातात डबे घेऊन बघायला आले होते. पडद्यावर आकडा थांबला. पाव किलो कमी. म्हणजे टनाला अर्धा किलो. तिचा आकडा. मॅनेजरने तिच्याकडे बघून मान हलवली.

मग तीच वजनं ट्रॉलीवर चढवून वाइंडिंगच्या शेडमध्ये नेली. माझ्या सोबत्याने ट्रॉली ढकलली, मी बाजूने चाललो. पाण्याच्या टाकीजवळून जाताना दोघंही टाकीकडे बघायचं टाळत होतो. शेडमधला काटा जुना, आमच्या सगळ्यांच्या विश्वासातला. त्याच्यावर कोणी कधी शंका घेतलीच नव्हती. वजनं रचून झाली. पडद्यावर अर्ध्या टनाहून पाव किलो जास्त.

तपासणाऱ्याने वाकून काट्याखाली टॉर्च मारला. एका कोपऱ्याचा पाय दबलेला होता, म्हणाला, केव्हापासून ते सांगता येणार नाही, पण नवीन नाही. तुमचा मोडलेला जुना काटाही असाच जास्त दाखवत असेल, म्हणून तुमचं जुळत होतं. हा जास्त दाखवतो, तो कमी दाखवतो, मध्ये तुमचा एक किलो. इतकं साधं. तो हात पुसत बोलत होता, आणि मी काय ऐकतोय याची त्याला कल्पनाही नव्हती.

मॅनेजरने माझा हात हातात घेतला. माफी मागितली नाही, "चलो, अच्छा हुआ," म्हणाला, आणि उद्यापासून ऑफिसच्या दाराने या. सोबत्याने कुठूनतरी चहा आणला, मला आधी दिला. "मले माहीतच होतं, भाऊ," तो म्हणाला. मी चहा घेतला. त्याच्यावर रागवण्याइतकंही त्राण नव्हतं.

मग मी बायकोकडे बघितलं. ती एका रिकाम्या लाकडी रिळावर बसली होती. पदराने तोंड पुसत होती, पण पुसता पुसता डोळे भरून येत होते, आणि खांदे सैल पडले होते. एवढे दिवस आवरून धरलेला श्वास तिने सोडला, तो मला शेडच्या गडबडीतही दिसला. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच. माझं काय झालं होतं ते मी चाचपून बघितलं. मला सुटल्यासारखं वाटलं नव्हतं. मी दमलो होतो, थोडा चिडलो होतो, पण सुटलो नव्हतो, कारण मी चोरी केली नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यात नवं काही कळण्यासारखं नव्हतं. जीव भांड्यात पडायला तो आधी टांगणीला लागलेला असावा लागतो. माझा नव्हता. तिचा होता.

स्कूटरवरून घरी येताना ती मागे बसून खूप बोलत होती. उद्या गोड करू, डोंगरांची मुळं खोल असतात ते या वर्षी वर्गात सांगणार, मॅनेजरचं तोंड कसं झालं होतं. मी हूं हूं करत होतो. घरात आल्यावर तिने पंखा लावला आणि मी दार लावून तिथेच उभा राहिलो.

"तुला माझ्यावर शंका होती?" मी विचारलं.

तिने नाही म्हणावं असं मला वाटत होतं. तिच्या सगळ्या आयुष्यात एकदा तरी तिने खोटं बोलावं, आणि ते आत्ता बोलावं. तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे पुन्हा भरले.

"थोडी," ती म्हणाली.

"थोडी म्हणजे?"

"अर्ध्याचं कारण सापडलं होतं. अर्ध्याचं नव्हतं." मग घाईने म्हणाली, "तुम्ही घर चालवण्यासाठी कधी काही... मला तसं वाटत नव्हतं हो. पण सापडतच नव्हतं ना."

मी तिला पाणी आणून दिलं. भांडलो नाही. भांडण्यासारखं तिने काही केलं नव्हतं. तिने मला वाचवलं होतं, आणि एकही आकडा न फिरवता वाचवलं होतं. गेटवर गार्डने माझा डबा उचकटला, मॅनेजर हसला, सोबत्याने चहा सोडला, ते सगळं माझ्या मनातून हळूहळू जाईल. पण ती रात्र-रात्र मोबाइलच्या उजेडात वाचत बसायची, डोंगर आणि दगड मांडायची आणि मी शेजारी पडल्या पडल्या समाधानाने झोपायचो, ते मनातून जात नाही. मला वाटायचं ती माझ्यासाठी हिशेब करतेय. ती तो स्वतःसाठी करत होती.